आपोआप लागणारं दार

४ मार्च, सोमवार

तो आज आत आला. सरळ आत! आमच्या लॅबचं दार दिवसभर उघडंच असतं. दवाखान्यांतली माणसं दातांची मापं आणून देतात, तयार कवळ्या घेऊन जातात, कोण कोणाला अडवणार? मला वाटलं नव्या डॉक्टरांचा माणूस. नीट भांग, इस्त्रीचा शर्ट. मी "या, बसा" सुद्धा म्हटलं!

काउंटरवर एक तयार कवळी होती. त्यानं ती उचलली. उघडली, मिटली, परत उघडली. "छान काम करता. चावते का ही?" असं हसून म्हणाला. मग आत बघत, "माझ्या बायकोला सांगा, मी येऊन गेलो."

मेणवाली, म्हणजे आमच्याकडे मेणात दात बसवणारी पोरगी, तेव्हा मागे हात धूत होती. बाहेर आली आणि माझ्या तोंडाकडे बघूनच थांबली. "ताई, तो आला होता ना?"

ती कवळी मी पुन्हा पुन्हा धुतली. पाठवायची हिंमत होईना. शेवटी दुसरी करायला घेतली.

५ मार्च, मंगळवार

तिनं आज सगळं सांगितलं. मेणात दात बसवताना, वर न बघता. घर सोडून मावशीकडे राहते हे मला माहीत होतं. का, ते विचारलं नव्हतं. आपल्याला काय करायचंय, असं म्हणून बरंच काही न विचारता चालतं!

फोनवरचे त्याचे निरोप दाखवले. "उद्या येईन. नाहीतर परवा. तुला कळणारही नाही." एवढंच. शिवी नाही, काही नाही. शिवी असती तर बरं वाटलं असतं.

"मला काढून टाका ताई. तुमच्या जिवाला घोर नको."

"वेडी आहेस का," म्हटलं. लगेच म्हटलं. मग मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. खरं सांगू? एक क्षण वाटलं होतं, घ्यावा तिचा शब्द.

६ मार्च, बुधवार

ह्यांना सांगितलं. पेपर खाली न घेता म्हणाले, "नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये. उद्या दोघं एक होतील आणि तू वाईट." मग थोड्या वेळानं पेपर खाली. "कसा आहे अंगानं?"

जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर गेले आणि तो असल्यासारखी आत आले. उंबऱ्यातून तिची पाठ दिसते! टेबल भिंतीकडे तोंड करून, कारण उजेड तिकडून येतो. वर्षानुवर्षं ती तशीच बसते. आत शिरून तिच्यापर्यंत पोचायला कोणी अडवणारं नाही. पॉलिशवाले काका कोपऱ्यात, पण मोटर चालू असली की त्यांच्या कानाशी ढोल वाजवला तरी उपयोग नाही. मागचं दार आहे, पण त्याच्यापुढे प्लास्टरच्या गोण्यांची थप्पी. आणि मेण कापायच्या सुऱ्या, जळता बर्नर — सगळं टेबलांवर, हाताशी. त्याला घरून काही आणायचीही गरज नाही.

इतकी वर्षं मी ह्याला माझी सुरक्षित जागा समजत होते.

८ मार्च, शुक्रवार

पोलीस ठाण्यात गेलो, मी आणि ती. तिथल्या साहेबबाई मान खाली घालून लिहीत होत्या. मला वाटलं ऐकतच नाहीत. मी आपली कॅमेऱ्यांचं सांगत बसले, इथे एक, तिथे एक. तेव्हा वर बघितलं. "कॅमेरा काय झालं ते सांगतो हो. होऊ नये म्हणून काय करताय?"

कॅमेऱ्यांचा कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

मग त्यांनीच सांगितलं. दार बंद ठेवा, बघून उघडा. त्याचा फोटो सगळ्यांना दाखवून ठेवा, शेजाऱ्यांनाही, लाज धरू नका. हिला एकटीला येऊ-जाऊ देऊ नका. मागची वाट मोकळी करा. आणि वाद घालत बसू नका, समजूत तर अजिबात नको. आधी फोन.

बाहेर आल्यावर मेणवाली म्हणाली, "लाज धरू नका म्हणाल्या." बराच वेळ तेच.

९ मार्च, शनिवार

गोण्या हलवल्या. कंबर गेली! मागचं दार उघडलं तर पलीकडून एक मांजर आत आलं, आम्हाला बघून अपमान झाल्यासारखं निघून गेलं.

११ मार्च, सोमवार

सुतार आणि वायरमन दोघं आज एकदम. पुढचं दार आता आपोआप लागतं. काच बसवली, बाहेरचा दिसतो. आतून काय, बाहेरून काय, उघडायचं बटण एकच, काउंटरखाली, माझ्या हाताशी. काकांच्या मोटरशेजारी लाल दिवा. मी बटणाशेजारची कळ दाबली की पेटतो. सुऱ्या खणात. बर्नर भिंतीकडे.

मग तालीम. खूण ठरली: "बर्फ संपला." आमच्याकडे बर्फाचं काही कामच नाही, म्हणजे चुकून कोणी बोलायचा नाही. मी कळ दाबून ओरडले, "बर्फ संपला!" काका मोटर बंद करून धावत आले. "बाप गेला? कोणाचा?"

हसून हसून पोटात दुखायला लागलं. पुसता पुसता डोळ्यांतलं पाणी थांबेना. मग लक्षात आलं, मेणवाली नाही. मागचं दार उघडं. चपला टेबलाखाली.

कोपऱ्यावरच्या टायरवाल्याच्या दुकानापाशी सापडली. अनवाणी. तालीम आहे हे माहीत होतं तिला. "पाय थांबेनात ताई," म्हणाली.

१३ मार्च, बुधवार

एका डॉक्टरांचा फोन. त्यांच्या माणसाला बाहेर उभं केलं म्हणून. "कवळ्याच करता ना? का सोनं आहे तुमच्याकडे?" दात काढत होते. मीही हसले. काय सांगणार?

इस्त्रीचा शर्ट दिसला की आधी चेहरा बघते. आज फळवाल्यावर ओरडले, उगीचच.

हे आता मला सोडायला येतात. कारण सांगत नाहीत. पाय मोकळे करायचेत म्हणे! हातात जुनी काठी. पाय ह्यांचे ठणठणीत आहेत.

१४ मार्च, गुरुवार

आज काहीच झालं नाही. तेच सहन होत नाही.

१५ मार्च, शुक्रवार

अक्षर येईल तसं येवो.

जेवणाआधी बेल. काचेतून बघितलं, नेहमीच्या दवाखान्यातली नर्स, हातात मापांचा डबा. बटण दाबलं. ती आत आली आणि तिच्या पाठीला लागून तो. भिंतीशी चिकटून उभा असणार. हा विचार आम्ही केलाच नव्हता! ओळखीचं माणूस बघितलं की झालं, असं धरून चाललो होतो.

पिशवीतून कोयता काढला. अगदी सावकाश, छत्री काढावी तसा.

बर्फ संपला — एवढंच म्हणायचं होतं. दातखिळी बसली. जबडा हलेना. नुसता हात गेला कळीवर. लाल दिवा लागला. काकांनी पाहिला. देवच पावला! मोटर तशीच चालू ठेवली, मेणवालीला दंडाला धरून मागनं बाहेर काढलं आणि बाहेरून कडी घातली.

तो आत घुसला, रिकामी खुर्ची बघितली. फळीवरची सगळी मापं खाली. मागच्या दारावर लाथा. उघडेना. वळून पुढच्या दाराकडे आला, तेही लागलेलं. मग माझ्याकडे बघितलं. नर्स काउंटरखाली माझ्या पायाशी गोळा होऊन बसलेली.

तेव्हा कळलं, मी इतक्या अकलेनं बसवलेल्या दारानं मला त्याच्याबरोबरच कोंडलंय.

"कुठाय ती?"

मी बटण दाबलं. खट् आवाज झाला. दार ढकललं की उघडतं, हे मी त्याला हातानं दाखवलं. तो उभा राहिला. किती वेळ, माहीत नाही. मोटर घरघरत होती. मग दाराकडे गेला. मागून गेलेल्या काकांनी तोवर टायरवाल्याला उठवलं होतं. त्यानं आणि त्याच्या माणसांनी रस्त्यातच धरला. पोलीस नंतर आले, पण आले.

ह्यांनी मला घरी आणलं. चहा केला, साखर विसरले. मीही प्यायले.

१६ मार्च, शनिवार

वाटलं नव्हतं, पण मेणवाली कामावर आली. आधी मावशीनं डोळे वटारले असणार. आल्या आल्या टेबल ओढलं आणि तोंड दाराकडे केलं. "उजेड पाठीमागून पडेल," मी म्हटलं. "पडू दे."

नवा नियम: पुढचं दार उघडायच्या आधी बाहेरच्यानं दोन पावलं मागे सरायचं, आजूबाजूचं दिसलं पाहिजे. आणि आतून उघडायला एक बटण माझ्याकडे, एक तिच्या टेबलाशी. एकाच माणसाच्या हातात दार नको.

२२ मार्च, शुक्रवार

साहेबबाईंचा फोन. तो जामिनावर सुटला. इकडे फिरकायचं नाही, अशी कोर्टाची ताकीद आहे म्हणे. ताकीद! कागदाला हात-पाय असते तर...

मेणवालीला सांगितलं. तिनं "बरं" म्हटलं आणि दिवसभर एकही दात सरळ बसला नाही तिचा.

२५ मार्च, सोमवार

दुपारी बेल. काचेबाहेर एक म्हातारी, काखेत गाठोडं, तोंडावर हात धरलेला. सांगितल्यावर दोन पावलं मागे सरली. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"माझी सासू," मेणवाली म्हणाली. पांढरीफटक. मी फोन उचलला. त्यानंच पाठवलं असणार, दुसरं काय!

म्हातारीनं तोंडावरचा हात काढला. ओठ फाटलेला. पुढचे दात नव्हते. कालपर्यंत असणार, हिरड्यांवर रक्त ओलं होतं.

बटण मी नाही दाबलं. खट् आवाज मेणवालीच्या टेबलापासून आला.

"आत या, आई."