लोहचुंबकाची दोन बोटं

लातूर, मंगळवार

गोधडी शिवताना सुई हरवली आणि तिथेच आमची कमल रांगत होती. तिनं गिळली तर नसेल? हे नव्या जिल्ह्याच्या कचेरीतून दुष्काळाच्या टँकरपायी चाकूरला गेलेले. शेजारच्या खालांनी मोडक्या रेडिओतला लोहचुंबक आणला. दुसरी सुई ठेवून मोजलं. दोन बोटांवरून ओढतो, तिसऱ्या बोटाला जोर संपतो. म्हणजे वीत न् वीत फिरवायला हवा. फरशी झाली, गोधडी झाली. कमलच्या पोटावरूनही फिरवला. काहीच नाही. पण सुई दोन बोटांपेक्षा खोल असली तर?

"रडू नको गं, तुझ्या लुगड्यावरून फिरवून बघते," खाला म्हणाल्या.

सुई माझ्या पदरातच निघाली. मघाशी याच पदराखाली तिला पाजून झोपवलं होतं. अजून तिला जवळ घ्यायला हात धजत नाही.