तहकूब सभा

अण्णा, आपल्या वॉर्डातून मी निवडून आले. हे तुम्हाला सांगायला इतका उशीर झाला, कारण त्यापुढचं काय सांगायचं ते मला ठरवता येत नव्हतं. पाणी अजूनही काही दिवसांआडच येतं, बायका अजूनही पिंपं भरून ठेवतात. फक्त पूर्वी शिव्या तुम्हाला बसायच्या, आता मला बसतात.

तुम्ही नगरसेवक होतात तेव्हाची एक सकाळ मला अजून दिसते. तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बशीतून चहा पिताय. पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर दारात येतात आणि मी धावत जाऊन, ‘या साहेब, बसा साहेब’ करत ओढणीनं खुर्ची पुसते. ते गेल्यावर तुम्ही मला असं झापलंत की मी रडायलाच लागले. ‘त्यो आपला नोकर हाय की! आयुक्त आला तरी त्योबी नोकरच. च्या पाजावा, पर काम इचारल्याबिगर सोडू न्हाय.’ आई पोळी लाटता लाटता म्हणाली, ‘लई इचारलं तुमी. नळाला धार लागली व्हय?’ तुम्ही त्या दिवशी तिच्याशी बोलला नाहीत. सांगोल्याकडं टँकरमागं पळत वाढलेला माणूस तुम्ही, पाण्यावरची थट्टा तुम्हाला सहनच व्हायची नाही.

निवडून आल्यावर आम्हा सदस्यांना प्रशिक्षण दिलं, होटगी रोडच्या एका हॉटेलात, एसी हॉलमध्ये. उद्घाटनाला आयुक्तच, आता बोला! पुण्याहून आलेल्या बाईंनी पडद्यावर दाखवून सांगितलं, की सभागृहानं वर्षातून एकदा आयुक्तांच्या कामाचं मूल्यमापन करावं. काय ठरलं होतं, काय झालं, कुठं अडलं, हे तोंडावर विचारावं. तोवर निम्मे सदस्य जेवणाच्या रांगेत पोचले होते. मी मात्र शाळकरी पोरीसारखी लिहून घेत होते. तुमच्याबरोबर सभागृहात बसलेले एक ज्येष्ठ सदस्य शेजारी होते. ते हसून म्हणाले, ‘लिव्ह पोरी, लिव्ह. आयुक्ताला मार्क देणार व्हय तू?’ मी म्हटलं, ‘देणार, काका.’

आणि खरंच सभेपुढं मूल्यमापनाचा विषय दिला. दारोदार फिरून सदस्यांच्या सह्या घेतल्या. पहिला प्रश्न आपल्या वॉर्डाच्या जलवाहिनीचा: मंजुरी मिळाली, पाइप रस्त्याकडेला येऊन पडले, मग ते अजून जमिनीत पुरले का नाहीत? आयुक्तांची बदली होणार अशी कुणकुण होती, म्हणून तीच एक सभा हातात होती. माणूस वाईट नाही, अण्णा. तरुण आहे, अदबीनं बोलतो, काहीही विचारलं की ‘मॅडम, लेखी द्या’ म्हणतो. पण सभागृहात, सगळ्यांसमोर, त्याला उत्तर द्यावंच लागलं असतं.

माझा विषय पुकारायच्या आत ते काका उभे राहिले. म्हणाले, ‘अण्णा गेले तवा हितं प्रशासक होता, सभागृहच नव्हतं. त्यास्नी आपण श्रद्धांजली वाहिलीच न्हाय. आज दुखवट्याचा ठराव करू आन् सभा तहकूब करू.’ माजी सदस्य गेला की सभा उठवायची, ही रीत तुम्हाला मी काय सांगू? अशा उठलेल्या सभांमधून तुम्ही स्वतः कितीदा धुसफुसत घरी आला आहात. काकांचे डोळे भरले होते, आणि ते खोटं होतं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. महापौरांनी अनुमोदनासाठी माझ्याकडं पाहिलं. सगळं सभागृह माझ्याकडं बघतंय. नको म्हणायचं, म्हणजे बापाला श्रद्धांजली नको म्हणायचं. मी हात वर केला.

सगळे उभे राहिले. आयुक्तही हात जोडून, मान खाली घालून उभे होते. मग ते गाडीत बसून निघून गेले. थोड्याच दिवसांत बदलीचा हुकूम आला. तहकूब सभा पुन्हा भरली तेव्हा खुर्चीत नवे आयुक्त होते. ते म्हणाले, ‘मी आत्ताच आलोय, मॅडम. लेखी द्या.’ पाइप तिथंच आहेत, त्यांत आता कुत्री झोपतात. पुढच्या वर्षी मी पुन्हा विषय देईन, आणि तोवर आणखी कुणीतरी गेलेलं असेल. यातून काही निघेल असं मला आता वाटत नाही, अण्णा.

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही, घरात कुणाला वाचूनही दाखवायचं नाही. कारण त्या सभेतलं एक मी कुणालाच सांगितलं नाही. काकांचा डाव मला तिथंच, उभ्या उभ्या कळला होता. राग यायला हवा होता. पण अख्खं सभागृह, आयुक्तांसकट, तुमच्यासाठी उभं होतं, आणि मला इतकं बरं वाटत होतं, की कुणी बसूच नये असं वाटलं.