सरपंच कोणाचा

४ मार्च
समन्स आलं. अब्रूनुकसानी. फौजदारी. पोलीस दारात सही घेत होता, तेव्हा शेजारच्या शेवंतीने खिडकीचा पडदा ओढून घेतला. ग्रामसभेत मी एवढंच म्हटलं होतं : व्हाळ आटला, पिण्याच्या पाण्याच्या बावी आटल्या, सरपंच गावाचा नाही, खाणीचा आहे. शेवंतीनेच सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या होत्या.

७ मार्च
डिचोलीला वकीलबाईंकडे. म्हणाल्या, सरपंचाने पैसे खाल्ले असं तुम्ही म्हणाला असतात तर पुरावा द्यावा लागला असता. हे तुमचं मत. सरपंचाच्या कामाबद्दल प्रामाणिक मत मांडायला कायद्यात मोकळीक आहे, घटनेतही. जरा धीर आला. मग म्हणाल्या, मत की आरोप, ते मात्र कोर्ट ठरवणार. किती वर्षं? त्यांनी चहा मागवला.

११ मार्च
शेवंतीला साक्षीला ये म्हटलं. म्हणते, त्या दिसा माका नीट आयकूंक येवंक ना.

१५ मार्च
ह्यांना खाणीच्या टिपर ट्रकच्या ड्रायव्हरीवरून उतरवलं. कारण सांगितलं नाही. सांगायला कशाला हवं! पाण्याचा टँकरही आज आमच्या दाराशी थांबला नाही. सासूबाई जेवल्या नाहीत. हे म्हणाले, "माफी माग गो. तुझ्या मतान घर चलता?"
परसात जाऊन रडले.

१८ मार्च
संपलं. वकीलबाईंना कळवलं, माफी मागते. नीट विचार करा म्हणाल्या. विचारच तर करवत नाही.

२२ मार्च
कोर्ट. सरपंचांच्या वकिलाने माफीनामा पुढे केला. 'मन दुखावले, दिलगीर आहे.' ठीक. पेन उचललं. खाली : 'मी खोटे बोलले.' हात पुढे जाईना. सरपंच समोरच बसलेले.
म्हटलं, "तुम्ही दुखावलात, त्याची माफी मागते. पण मला वाटलं ते खोटं होतं असं कसं लिहू? अजूनही तसंच वाटतं."
सरपंच म्हणाले, "मग चलूं दे केस."
हे उठून बाहेर गेले.
पुढची तारीख जूनमध्ये. ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून हिशेब करत आले. घर, सासूबाईंची औषधं, सगळं मीच बुडवलं की काय...
दारात पोचल्यावर ह्यांनी विचारलं, "जूनात माका येवंक जाय?"
आलात तर बरं, म्हटलं.
हे स्कूटर लावून आत गेले. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.