मधल्याला मत

पाथरी,
२० फेब्रुवारी १९९०

तीर्थस्वरूप आक्कांस,
धाकट्या केशवचा नमस्कार पोचावा.

माझी प्रकृती ठीक आहे. जेवण वेळेवर होते. तुमच्याकडे ठेवलेल्या माझ्या लेकीचा, मालतीचा, खोकला थांबला काय?

मी अपक्ष उमेदवार असलो तरी लोक आदराने बसवून घेतात. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देऊन नामांतर व्हावे आणि गावाने ते एकत्र बसून मान्य करावे, एवढेच मी सांगतो. मागील निवडणुकीत तुमची भावजय नर्मदा सोबत होती. तेव्हा गावात आणि बौद्धवाड्यात, दोन्हीकडे बायकांनी औक्षण केले होते. या खेपेस तबक घेऊन कोणी बाहेर आले नाही. आधी मला वाटले, ती आता नाही म्हणून.

काल गावात माणिकराव पाटील हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचं लय खरं हाय. पण मधल्याला मत म्हंजे त्यांनाच मत." सायंकाळी बौद्धवाड्यात तात्याराव गुरुजींनी तेच वाक्य, तितक्याच हळू आवाजात ऐकवले; फक्त त्यांचे 'ते' म्हणजे गाव.

निरोप देताना दोघांनीही एकच विनंती केली, "उद्याच्या सभेत उभे राहू नका." त्या दोघांचे एकमत झालेले मी प्रथमच पाहिले.

सभा आज ठरल्याप्रमाणे होईल. काळजी नसावी. मात्र मालतीला तूर्त शाळेत एकटी पाठवू नये.

आपला,
केशव