अकराशे सेहेचाळीस जुळले

सोमवार, १२ जानेवारी
आजपासून ऑफिसचा कॉम्प्युटर मीच चालवीन. ठरलं.

ऋषिकेश हैदराबादले नोकरीवर गेला. आमच्या वधू-वर मंडळाचं हे सगळं त्यानंच बसवून दिलं होतं. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, माऊस-बिऊस काही नाही. जाता जाता एका पुठ्ठ्यावर ओळी लिहून चिकटवून गेला. काही बदलायचं तर आधी बिगीन. मग काय बदलायचं ते. मग कोणाचं बदलायचं ते. चुकलं तर रोलबॅक, म्हणजे केलेलं मागं येते. बरोबर असलं तर कमिट, म्हणजे पक्कं. संध्याकाळी घरी जाताना बॅकअप, म्हणजे सगळ्या यादीची नक्कल. यादी बिघडलीच तर रिस्टोअर, म्हणजे नक्कल परत जागेवर.

एवढंच. याच्यासाठी लोक पुण्याले जाऊन शिकतात!

सचिव चंपतराव म्हणाले, सर्टिफिकेटवाली पोरगी ठेवू, गोपिका नावाची आहे एक. मी म्हटलं, मी पाचवी शिकली, पण अकरा वर्षं या खुर्चीवर आहे. कोणी कोणाले काहून नाही म्हटलं, ते त्या सर्टिफिकेटात लिहिलं आहे का?

बॅकअप घेतला. ऋषिकेश सांगून गेला होता की रोजच्या नक्कलीच्या नावात त्या दिवशीची तारीख टाकायची. मी ‘श्री’ नाव ठेवलं. लग्नाचं काम श्रीपासूनच सुरू होते. रोज नवं नाव ठेवायले हे काय बारसं आहे?

मंगळवार, १३ जानेवारी
खाप्याची वंदना आली. छत्तीसची आहे. सोडचिठ्ठी होऊन चार वर्षं झाली, भावाकडं राहते. भावानं साफ सांगितलं आहे म्हणे, येत्या पंचवीसच्या मेळाव्यात जमलं तर जमलं, नाही तर मी आणीन त्याच्याशी कर. आणि त्यानं आणला आहे. पांढुर्ण्याचा, त्रेपन्न वर्षांचा, दोन बायका करून झालेला.

मी म्हटलं, रडू नको वं. माझ्याकडं आहे तुझ्यासाठी. खापरखेड्याच्या वीज केंद्रातला फिटर, धनराज. बायको वारली, एक पोरगी आहे सात वर्षांची. यादीत वंदनाचं नाव पाहून दोनदा फोन केला त्यानं. माणूस कमी बोलते, पण विचारते नीट. दुसऱ्यांदा विचारलं, तिले लहान लेकरं आवडतात का?

वंदना हसली. तिचा एक दात पुढं आहे, हसली की हात तोंडावर नेते. म्हणाली, ताई, त्यांचा नंबर लिहून देता का? मी म्हटलं, नंबर देत नाही आपण, पंचवीसले समोरासमोरच बोला. सगळं माझ्या डोक्यात आहे.

डोक्यात नाही राहिलं तर मशीनमध्ये आहे. जुन्या वह्या आणि फॉर्म मी दिवाळीतच रद्दीत काढले. उगाच धूळ.

बॅकअप: श्री.

गुरुवार, १५ जानेवारी, दुपारी १२.४०
दोन स्थळांकडून वंदनाची चौकशी आली. विचार केला, धनराजच्या आधी दुसरा कोणी मधात घुसला तर? तिच्या नावापुढं मीच ‘जुळलं’ टाकून देते. मेळाव्यानंतर लिहायचं ते आज लिहिलं, फरक काय पडते?

आमच्या इथं ‘जुळलं’ टाकलं की त्याच ओळीत फोन नंबरही पुसतो. लग्न ठरल्यावर लोकांचे फोन येत राहिले की घरचे भांडायले येतात, म्हणून.

बिगीन टाकलं नाही. बिगीन नवशिक्यांसाठी असते. ‘कोणाचं’ तेही टाकलं नाही. कोणाचं ते मले माहीत आहे, आणि चार वर्षं आमच्या ऑफिसात राहून मशीनलेही माहीत असायले पाहिजे.

एंटर दाबलं. एका सेकंदात झालं. खाली १,१४६ असा काही आकडा आला. मशीन जोरात आहे आजकाल.

तोच दिवस, दुपारी ४
फोनवर फोन. आमची यादी लोक मोबाईलवर पाहतात. आता सगळ्यांसमोर ‘जुळलं’ दिसून राहिलं. अकराशे सेहेचाळीस मुलंमुली, सगळेच. मेळाव्याले आता कोणी उरलंच नाही.

गांधीबागेतली एक म्हातारी पेढ्यांचा डबा घेऊन आली. पोरगा एकोणचाळीसचा आहे. डोळ्यांत पाणी. म्हणाली, बाई, पोरगी कोणाची ते तर सांगा! मी म्हटलं, मशीनचं काम सुरू आहे, दोन दिवस लागतील. पेढा हातात ठेवला तिनं. खाल्ला. काय करणार?

रोलबॅक टाकलं. मशीननं उत्तरच दिलं नाही, नुसती खाली नवी रिकामी ओळ आणून ठेवली. पुन्हा टाकलं. मोठ्या अक्षरांत टाकलं. अकरा वेळा टाकलं. यादी तशीच. बिगीनशिवाय रोलबॅक होत नाही, असं पुठ्ठ्याच्या खाली बारीक लिहिलेलं आहे. एवढं बारीक लिहायचंच कशाले?

घाबरायचं काम नाही. आणखी बिघडू नये म्हणून आधी ताबडतोब बॅकअप घेऊन ठेवला. श्री.

चंपतरावले सांगितलं की लाईट गेली होती.

शुक्रवार, १६ जानेवारी
ऋषिकेशले फोन लावला. आधी लय हसला. मग म्हणाला, मावशी, सोपं आहे, परवाचा बॅकअप रिस्टोअर करा. मी म्हटलं, श्री? तो म्हणाला, नाव काही असो, परवाचा. मी म्हटलं, परवाचा श्री, कालचा श्री, परवाच्या आधीचा श्री.

हसणं बंद झालं त्याचं. म्हणे, मावशी, एकाच नावावर घेतलं की नवा बॅकअप जुन्यावर बसतो. काल बिघडल्यावर घेतला म्हणता, म्हणजे तुम्ही चांगली नक्कल पुसून बिघडलेली जपून ठेवली.

तरी मी रिस्टोअर केलं. पोट्टे काहीही बोलतात. सगळे पुन्हा जुळले. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा जुळले. रिस्टोअर मले बरोबर जमते, हे तरी कळलं.

फोन ठेवताना तो म्हणत होता, लॉग आहे मावशी, त्यातून निघेल, पण जाणत्या माणसाले बसवा, गोपिकाले बोलवा. लॉग म्हणजे काय ते मी विचारलं नाही. विचारलं की लोक शेफारतात.

शनिवार, १७ जानेवारी
टेबलाच्या खणात ऋषिकेशनं ठेवलेला पेन ड्राईव्ह सापडला. मागच्या वर्षाच्याही आधीची नक्कल. रिस्टोअर केली. आठशे दोन नावं आली! चंपतरावले म्हटलं, बहुतेक सगळं परत आलं.

चंपतरावांनी यादी वाचली. जयवंताबाई, म्हणाले, यातल्या निम्म्यांच्या लग्नाले मी स्वतः जेवून आलो. हा पहा, याचं पोरगं रांगते, आणि तुम्ही याले मेळाव्याचं निमंत्रण पाठवून राहिल्या.

मी म्हटलं, अनुभवी माणूस असला तर काय वाईट?

त्या आठशे दोनमध्ये वंदना नाही. धनराजही नाही. दोघं नंतर आले. हे मी चंपतरावले सांगितलं नाही.

सोमवार, १९ जानेवारी
वंदना आली. ताई, माझ्या नावासमोर ‘जुळलं’ दिसत होतं, आता नावच दिसत नाही, म्हणाली. मी म्हटलं, लाईटचा घोळ आहे, तू मेळाव्याची तयारी कर. तिनं विचारलं, ते येतात ना पक्कं? मी म्हटलं, पक्कं. माझं बोलणं झालं.

बोलणं होईलच. नंबर तेवढा आठवायचा आहे. शेवटी सत्तावीस आहे किंवा बहात्तर.

चंपतराव पुन्हा म्हणाले, बोलावतो गोपिकाले. मी म्हटलं, दोन दिवस द्या, माझं होत आलं आहे.

बुधवार, २१ जानेवारी
स्वतः खापरखेड्याले गेली. मशीनच्या नादी कोण लागते? माणूस माणसाले शोधते.

वीज केंद्राच्या गेटवरच्या शिपायाले म्हटलं, धनराज पाहिजे, फिटर आहे, बायको वारली. आडनाव? आडनाव मशीनमध्ये आहे. त्यानं हातातली बिडी विझवली, म्हणाला, बाई, आमच्या इथं कायमचे आहेत, ठेकेदाराचे आहेत, तीन पाळ्या आहेत. धनराजच सात-आठ निघतील. कॉलनीत जाऊन ओरडता का?

कॉलनीत गेली. तीन धनराज सापडले. दोघांच्या बायकांनीच दार उघडलं. दुसरीले मी विचारलं, तुमचे मालक विधुर आहेत का? तिनं जे सुनावलं ते लिहीत नाही. तिसरा रिटायर आहे.

परत येताना बसमध्ये ठरवलं, गोपिकाले बोलावू. माझ्या हाताखाली काम करील.

शनिवार, २४ जानेवारी
गोपिका आली. चोवीसची असेल. बसायच्या आधी विचारलं, काकू, लॉग सुरू होता ना? मी म्हटलं, हाव, मीच सुरू ठेवला.

लॉग म्हणजे मशीन आपण टाकलेली एकेक ओळ, तारीख आणि वेळेसकट, गुपचूप दुसरीकडं लिहून ठेवते. असल्या चहाडखोर वस्तूबद्दल मले कोणी सांगितलं नव्हतं. तिनं पेन ड्राईव्हची जुनी नक्कल टाकली आणि तिच्यावर लॉगमधल्या सगळ्या ओळी पुन्हा चालवल्या, पंधरा तारखेच्या १२.४० पर्यंत. बरोबर माझ्या ओळीच्या आधी थांबवलं. ती ओळ वाचली, माझ्याकडं पाहिलं. पाऊण तास लागला. अकराशे सेहेचाळीस, सगळे नंबर जागच्या जागी.

पाऊण तास. ऋषिकेशनं सोळा तारखेलेच सांगितलं होतं.

धनराजचा नंबर निघाला. शेवटी चोपन्न आहे. लगेच फोन केला. उचलला. मी म्हटलं, उद्या येता ना, वंदना येऊन राहिली आहे. तो म्हणाला, मॅडम, पंधरा तारखेले त्यांच्या नावासमोर ‘जुळलं’ पाहिलं मी. तुमच्या ऑफिसले दोन दिवस फोन केला, लागला नाही. मग मामानं सावनेरचं स्थळ आणलं. गुरुवारी साखरपुडा झाला. त्यांचं चांगल्या ठिकाणी जमलं ना?

मी म्हटलं, हो.

काहून म्हटलं माहीत नाही.

रविवार, २५ जानेवारी
मेळावा चांगला झाला. लाऊडस्पीकर नीट होता. वंदना निळी साडी नेसून दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. दोन वाजेपर्यंत ज्या माणसासोबत सात-आठ वर्षांची पोरगी दिसे, त्याच्याकडं पाहत होती. मी मागच्या दारानं जेवायले गेली.

मंगळवार, २७ जानेवारी
वंदना आली. भाऊ सोबत होता. भाऊ उभ्यानंच म्हणाला, पांढुर्ण्याचं पक्कं केलं, हिचं नाव यादीतून बंद करा, दीडची बस आहे.

गोपिकानं बिगीन टाकलं. काय बदलायचं ते टाकलं. कोणाचं ते टाकलं: वंदनाचं नाव, खापा, नोंदणी नंबर. मग वर पाहून म्हणाली, काकू, तुम्ही एकदा पाहून घ्या.

मी म्हटलं, थांब, आधी चहा करते. चार कप केला. आलं किसून टाकलं. भाऊ घड्याळ पाहत होता. वंदनानं कप दोन्ही हातांनी धरून सगळा पिला, मग विचारलं, ताई, त्या दिवशी माझ्या नावापुढं ‘जुळलं’ कोणी लिहिलं होतं?

गोपिकानं मान खाली घातली.

मी म्हटलं, लाईट गेली होती वं.

वंदना म्हणाली, बरं.

मग गोपिकानं कमिट केलं. स्क्रीनवर आलं, एक नाव बदललं. एकच. मी दोनदा वाचलं. यावेळी काहीच चुकलेलं नव्हतं.