तुमची मराठी मी बंद केली

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा लिहितेय. आजच का? निषाद, तुम्ही न पाहिलेला नातू, दोन वर्षांचा झाला तरी बोलत नाही म्हणून त्याला तपासायला नेलं होतं. "घरी आम्ही फक्त इंग्लिशच बोलतो," मी आपणहून सांगितलं. कौतुक होईल असं वाटलं होतं. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "का? दोन भाषांनी मूल मागे पडत नाही. तुम्हाला मनापासून येते ती बोला."

मला एकदम तुम्ही आठवलात.

इरा तीन वर्षांची असताना तुम्ही कराडहून सिंगापूरला, बुकित पंजांगला आमच्याकडे आलात. लिफ्टमध्ये तिला कडेवर घेऊन मजले मोजायचात. "सहा, सात, आठ. आलं आपलं घर." तीही "आथ" म्हणायला लागली होती. मग तिच्या शाळेतून सांगणं आलं, ही उशिरा बोलतेय, घरी एकच भाषा ठेवा. त्याच दिवशी जेवताना मी म्हणाले, "अण्णा, तिच्याशी मराठी बोलू नका. गोंधळते ती."

तुम्ही एवढंच विचारलंत, "मग मी काय बोलू गं?"

मी इराला घास भरवत राहिले.

तुम्ही जावयाकडून वीसेक इंग्लिश शब्द वहीत लिहून घेतलेत. कम. ईट. गुड गर्ल. कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांना तासन्‌तास बोलण्यात गुंगवणारा माणूस नातीसमोर वीस शब्दांत अडकला. का नाही भांडलात माझ्याशी?

कराडला परतल्यावर फोनवरही तेच. "हाऊ आर यू? फाईन?" की लगेच "आईला दे." एकदा तुमच्या तोंडून "काय गं बाळा" निघालं आणि मी मध्येच म्हणाले, "अण्णा, इंग्लिश." तुम्ही मला "सॉरी" म्हणालात. माझ्या वडिलांनी, मला.

आज घरी आल्यावर इराला विचारलं, आजोबा आठवतात का? नऊ वर्षांची झालीय ती आता. इथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "आजोबा डोन्ट लाइक टॉकिंग टू मी, लाह."

खरं सांगायची लाज वाटली, म्हणून मी गप्प बसले. गप्प बसल्याची लाज आता त्याहून जास्त वाटतेय.

उद्या सांगणार आहे, अण्णा. आजोबांना तुझ्याशी खूप बोलायचं होतं, मीच त्यांना गप्प केलं, हे तिला मराठीत सांगेन. कळलं नाही तर इंग्लिशमध्ये सांगेन. आणि मग पुन्हा मराठीत.

तुमची,
सुमा