रुज्जेरोची दुपारची झोप

मिनेर्विनो, १३ मे १९७४

ती. नुन्त्सिओदादास,
सा. न. वि. वि. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत, क्षेम मात्र विचारू नकोस.

तुझा भाचा पाच महिन्यांचा झाला, पण झोप म्हणून घेत नाही. इकडची दुपार तुला आठवत असेल. एक ते चार गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नाही. सावीनो पहाटे खाणीवर जातो, एकला घरी येतो, जेवतो आणि आडवा होतो. नेमका तेव्हाच रुज्जेरो भोकाड पसरतो. काल समोरच्या राकेलेने झोपमोड झाली म्हणून पायातली खडाव फेकून मारली, दाराचा टवका उडाला.

सावीनोचं काम सुरुंगाचं. गेल्या आठवड्यात वात पेटवली आणि त्याला उभ्या उभ्या डुलकी लागली. मुकादमाने कॉलर धरून ओढला म्हणून वाचला. मी घाबरले नाही असं नाही, दादा. पण त्यावर त्याने काढलेला उपाय ऐक. खाणीच्या इंजिनियरची मिलानची बायको आहे, तिने त्याला एक पुस्तक दिलं. बाळाला खोलीत ठेवा, दार लावा, कितीही रडलं तरी आत जाऊ नका, पाच दिवसांत आपोआप झोपायला शिकतं. मी म्हटलं, शिकतं ते एवढंच, की आपल्याला कुणी नाही.

पहिल्या दिवशी पाऊण तास रडला. माझं दूध झग्यातून गळत होतं. सावीनो दाराला पाठ लावून उभा. मी त्याच्या दंडाला कडकडून चावले, रक्त आलं. त्याने माझ्या कानाखाली वाजवली. मग मी शिजत्या वालाचं मडकं त्याच्या पायाशी फोडलं. लग्नाला तीन वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं.

आईने येऊन दोघांचीही खरडपट्टी काढली. तीन घरं सोडून तर राहते, तिला काय लपणार? आता रोज बाराला बडीशेपेचं पाणी घेऊन येते, पोरालाही दोन चमचे पाजते. ती समोर असली की आम्ही निदान हात उगारत नाही.

मला कळव, मी चुकते का? माया आहे तेवढी पुरे, त्यात शहाणपणाचे दोन शब्द घालून पाठव.
तुझी कोरा


तुरिन, २० मे १९७४

चि. इन्कोरोनाता (कोरा) हिस,
अ. आ. पत्र कारखान्यात मधल्या सुट्टीत वाचलं आणि हातातला पाव तसाच टाकला.

तू चुकत नाहीस. लेकरू रडलं तर आईने उचलायचं, याला पुस्तक कशाला लागतं? आणि त्या खाणवाल्याला सांग, पुन्हा माझ्या बहिणीला हात लावलास तर तो हात वात पेटवायला राहणार नाही. मी रात्रीची गाडी पकडून येईन. त्याचा हात जड असेल, माझा रोज लोखंड उचलतो.

तू चावलीस ते बरं केलंस. लहानपणी मलाही चावायचीस, खूण अजून आहे. पण रडायची मात्र नाहीस. आई नेहमी सांगते, माझी पोरं दुपारी दगडासारखी झोपायची, शेजाऱ्यांना ती जन्मल्याचंही कळलं नाही. जिचं नाव तुला ठेवलं ती आपली थोरली इन्कोरोनाता तर सगळ्यांत गुणी म्हणे. एके दुपारी निजली ती उठलीच नाही, मादोन्ना मातेने नेलं बिचारीला. पोरं कशी निजवायची ते आईलाच विचार.

पोराच्या गालाचा एक पापा घे. मी पाठीशी आहे हे विसरू नकोस.
नुन्त्सिओ


मिनेर्विनो, २७ मे १९७४

रा. रा. नुन्त्सिओ यांस,
स. न. वि. वि. तुमचं पत्र कोराने मला मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा.

मी तिला मारलं. ते वाईट केलं. तिच्यापुढे गुडघे टेकून कबूल केलं, तुमच्या आईसमोरही. पण माझा हात तोडायला निघाला आहात, तर त्या हाताचं ऐका. माझ्या आधी सुरुंगावर मिकेले होता. एक दिवस त्याचा अंदाज चुकला. त्याची तीन बोटं मी धोंड्यांतून वेचली आणि रुमालात बांधून त्याच्या बायकोला दिली. न झोपता मी वात पेटवतो तेव्हा मला तो रुमाल दिसतो. मला पोराचा राग येत नाही. माझ्यामागे तुमच्या बहिणीने विधवेचे काळे कपडे घालून बसू नये, एवढंच म्हणतो.

आता भांडण उरलं नाही. पुस्तक खरं ठरलं. पाचव्या दिवशी पोरगा एकला झोपला तो थेट पाचला उठला. रोज तसाच झोपतो. तुमची बहीण म्हणते, ती जेवणाआधी मांडीवर घेऊन डोलवते म्हणून. म्हणू द्या. दोघंही जिंकलो, घरात शांतता आहे. मी चार तास झोपतो आणि माझी बोटं दहा आहेत.

राग असेल तर पत्रात काढा, मनात ठेवू नका.
आपला,
सावीनो


जिल्ह्याचं इस्पितळ, ३ जून १९७४

दादा,
नमस्कार-चमत्कार राहू दे. रुज्जेरो उठत नाही.

काल पाच वाजले, सहा वाजले. मी हलवलं. ओठ निळे, मान लुळी. तळपायांवर चापट्या मारल्या, गार पाणी मारलं, तरी रडला नाही. सावीनोने त्याला उघड्या छातीशी धरून खाणीच्या ट्रकमधून इथे आणलं. वाटभर तो त्याच्या तोंडात फुंकर घालत होता. आता नळ्या लावल्यात. श्वास मोजून मोजून घेतोय.

त्या बंद दारानेच हे केलं. रडून रडून पोराचा जीव विझला. इस्पितळाच्या बोळात मी सावीनोला चपलेने मारलं, तोंडावर, नाकातून रक्त येईपर्यंत. त्याने हात वर केला नाही. एकदाच म्हणाला, मार.

तू ये.
कोरा


मिनेर्विनो, १९ जून १९७४

ती. दादास,
सा. न. वि. वि. रुज्जेरो घरी आला. हे आधी वाच, मग पुढचं.

तू इस्पितळाच्या फाटकाशी काहीएक न विचारता सावीनोच्या उजव्या हातावर पहार घातलीस. मी पायरीवर उभी होते. मी तुला अडवलं नाही, दादा. हाड मोडल्याचा आवाज आला तेव्हा मला बरं वाटलं. पोलीस यायच्या आत तू गाडीत बसलास, आणि संध्याकाळी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. आणला तेव्हा पोराच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या, आता तपासणीही आली, म्हणाले, याला अफू कोण देतं? 

मी धावत सासूकडे गेले, त्यांनीच दिली असणार म्हणून. सुंताबाईंच्या झिंज्या धरल्या, त्यांना भिंतीवर आपटलं. त्या बिचाऱ्या मादोन्नाच्या शपथा घेत राहिल्या. मग आईकडे आले. आई आपल्या चुलीशी बसून फडक्यातून बडीशेपेचं पाणी गाळत होती. पोरगा इस्पितळातून येईल तेव्हा लागेल म्हणून. फडक्यात खसखशीची, म्हणजे अफूचीच, दोन सुकी बोंडं होती. 

मी विचारलं, तिने लपवलंही नाही. म्हणाली, तुम्ही एकमेकांचे जीव घ्यायला उठला होतात, म्हणून पोराला जरा गप्प केलं. आधी एक बोंड घालत होते, मग सवय झाली म्हणून दोन. त्यात काय? तुम्ही दोघं याच पाण्यावर वाढलात. माझ्या आईने मला दिलं, मी तुला दिलं, नुन्त्सिओला दिलं, थोरल्या इन्कोरोनाताला...

तिथे ती थांबली. 

दादा, सत्तावीस वर्षं ती थोरलीला मादोन्नाने नेलं म्हणत होती, आणि ते खरं मानत होती. माझ्यादेखत तिला कळलं. तिने हातातलं भांडं आपल्या कपाळावर मारून घेतलं, पुन्हा पुन्हा. मी तिचे हात धरले. चार टाके पडले. मला तिचा गळा दाबावासा वाटत होता आणि मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

सावीनोचं मनगट दोन जागी मोडलंय. सुरुंगाचं काम पुन्हा मिळणार नाही, मालकाने तोलकाट्यावर बसवायचं कबूल केलंय. पोलिसांना त्याने सांगितलं, खाणीत दगड पडला. माझ्या चपलेबद्दलही कुणाला बोलला नाही. पुस्तक परत केलं. अजून म्हणतो, पुस्तक चूक नव्हतं. मी अजून म्हणते, चूकच होतं. पण आता पोरगा रडला की माझ्याआधी तोच उठतो, डाव्या हाताने उचलतो. काल दुपारी रुज्जेरोने पुरे दोन तास किंचाळून गल्ली डोक्यावर घेतली. राकेलेने दुसरी खडाव फेकली. सावीनोने ती उचलून खिडकीत ठेवली आणि हसला. मग आम्ही दोघं रडलो.

आई आता दुपारी झोपत नाही. उन्हात आमच्या उंबऱ्यावर रिकाम्या हातांनी बसते. आत यायला मी अजून सांगितलेलं नाही. पोरगा जरा गप्प झाला की तीच दारावर थापा मारते, ऊठ रे बाळा, ऊठ, म्हणून ओरडते, तो रडेपर्यंत थांबत नाही.

सावीनोला पत्र लिही. उत्तर मी लिहीन, त्याचा हात बांधलेला आहे. माझ्यावर माया कर, पण या खेपेला हात खिशात ठेवून.
तुझी,
इन्कोरोनाता, धाकटी